दुपट्ट्याची दोन बोटं

मिलिंद, तुझ्या डोक्याचं माप पंचावन्न सेंटीमीटर होतं. मी सत्तावन्न लिहिलं.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तू म्हणशील, "मुद्द्यावर ये ना बे." तर मुद्दा हाच आहे. शहापूरला हायवेवर वीस वर्षं हेल्मेटं विकणाऱ्या माणसानं आपल्या मित्राच्या डोक्याचं माप चुकवलं, आणि तो मित्र वैनगंगेत दगडावर डोकं आपटून गेला. काल तेरावा दिवस झाला. तुम्हा बौद्धांत तेरावं नसतं, आम्हा कोष्ट्यांत असतं. कॉलेजात असताना ह्यावरून आपण टपरीवर तासभर भांडलो होतो, आणि तेव्हा कोणी मेलंही नव्हतं.

करडीच्या कवडूभाऊचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या हेल्मेटची काच बदलत होतो. रविवार, सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील.

"उमेशभाऊ, मास्तर गेला."

मी विचारलं, "कुठं गेला?"

खरंच असं विचारलं बे. मला वाटलं, शाळेच्या कामानं कुठं गेला असशील आणि हा माझ्याकडं चौकशी करतोय. मग कवडूभाऊ म्हणाला, "नदीत गेला ना भाऊ." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी म्हणालो, "तो तं दर रविवारी जाते." पलीकडून रडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं माझे हात थांबले. पण थांबले म्हणजे किती? गिऱ्हाईक समोर उभंच होतं. मी त्याची काच बसवली. दोन्ही स्क्रू पिळले. काच वर-खाली करून दाखवली. तो म्हणाला, "छान बसली." मग मी शटर ओढलं. ती काच मी कशी काय बसवली, हे मला अजून समजलेलं नाही. तू गेल्याचं कळल्यावर मी आधी ते काम पुरं केलं.

तुझ्या करडीपर्यंतचा तासाभराचा रस्ता मला आठवत नाही. घाट आठवतो. तुझा तो लाल प्लास्टिकचा कयाक, एका माणसाची होडी, ज्याला अख्खं गाव 'मास्तरचा डोंगा' म्हणायचं, काठावर पालथा टाकलेला होता. तुला तोवर गाडीतून नेलं होतं. कवडूभाऊ ओल्या कपड्यांनिशी बसला होता. साठीचा माणूस, उभा जन्म नदीत जाळं टाकत आलेला. त्यानंच तुला बाहेर काढलं. तो मला सांगू लागला. वरच्या अंगाला दगडांची रांग आहे ना, पूर उतरायला लागला की जिथं पाणी फेसाळतं, तिथं तू उलटलास. एकदा सरळ होताना दिसलास, पुन्हा उलटलास. मग नुसताच डोंगा वाहत आला.

मी विचारलं, "हेल्मेट होतं ना?"

"होतं ना. पन मांगं सरकलं होतं भाऊ. मानेवर. कपाळ उघडंच."

"अन् खालचा दुपट्टा?"

"गळ्यात आलता."

त्याला माझ्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. घाटावर पन्नास माणसं होती, पण दुपट्ट्याचं दुसऱ्या कोणी विचारलं नाही. का विचारावं त्यांनी? मी मात्र तिथल्या तिथं खाली बसलो. लोकांना वाटलं, मैतर आहे, धक्का बसला. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी ते घटाघटा प्यालो, त्याच नदीकाठी बसून.

चूक कुठं झाली ते मला ओळीनं मांडून बघायचं आहे. तुला माहीत असलेलंच सांगतो, रागावू नकोस.

तू हे पाण्याचं वेड घेतलंस ते पुराच्या वर्षी. चार माणसं कौलांवर बसली होती आणि त्यांच्यापर्यंत पोचायला सरकारी बोट यायला दुपार झाली. त्यातली म्हातारी तोवर राहिली नाही. तू काठावर उभा होतास. व्यायामशिक्षक, शाळेत पोरांना दंडबैठका घालायला लावणारा माणूस, आणि काठावर उभा. पुढच्या उन्हाळ्यात तू हिमालयाकडं शिबिराला गेलास, महिनाभर तिथल्या पाण्यात उलटापालटा झालास आणि येताना तिथलाच एक जुना कयाक टेंपोत टाकून घेऊन आलास. मग करडीतली आठ माणसं जमवलीस. त्यांत कवडूभाऊ सगळ्यांत म्हातारा. पुरात माणसं काढायची, दर रविवारी सराव करायचा. सुनंदावहिनी तुझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मी बोललो, पण शिव्याच दिल्या.

आणि मग, यंदाच्या फेब्रुवारीत असेल, तू दुकानात आलास. "हेल्मेट पाह्यजे. पाण्यातलं."

मी काऊंटरवरचं सगळ्यांत भारी हेल्मेट तुझ्यापुढं ठेवलं. पूर्ण तोंड झाकणारं, जाड काच. म्हणालो, "हे घे. ट्रकखाली गेला तरी डोकं राहते." तू हसलास. दुकानामागच्या नळावरून बादली भरून आणलीस आणि मी 'अबे, अबे' म्हणेपर्यंत ते नवंकोरं हेल्मेट त्यात बुडवलंस. वर काढलंस तेव्हा त्यातून तांब्याभर पाणी फरशीवर सांडलं. आतला स्पंज टपटप गळत होता.

"उचलून पाह्य," तू म्हणालास. "आता हे घालून धारेत उलटलो तं मान मोडन का नाई माही?"

"माल भिजवला माहा! कोणाले विकू आता हे?"

"आधी मान मोडन का नाई ते सांग."

मोडली असती. पण मी कबूल केलं नाही. मी सायकलवाल्यांचं हेल्मेट काढलं. तू त्याच्या आतल्या थर्माकोलवर नख दाबून दाखवलंस. हे एका दणक्यात तडकतं, आणि नदीत दगड एकदाच लागून थांबत नाही. मी बांधकामावरची पिवळी टोपी काढली. ती तू डोक्यावर ठेवून नुसती मान हलवलीस, टोपी माझ्या पायाशी. मग खडू घेऊन माझ्याच फरशीवर तू चित्र काढलंस. मास्तर तो मास्तर. कयाक, त्यात माणूस, आणि मग सगळं उलटं. "गाडीवरून पडला तं माणूस रस्त्यावर पडते. इथं माणूस डोंग्यातच राहते अन् डोकं खाली जाते, दगडाकडं. तवा टाळूपेक्षा कपाळ, कानशील अन् मांगची कवटी झाकली पाह्यजे. पाणी निघून जायले भोकं पाह्यजे. पट्टा हनुवटीखाली असा पाह्यजे का सरकणारच नाई. अन् खास गोठ म्हणजे," तू स्वतःच्या कपाळावर तळवा दाबून वर ढकललास, "असं ढकललं तरी कपाळ उघडं नाई पडलं पाह्यजे. कातडीसारखं बसलं पाह्यजे."

मी म्हणालो, "घामानं मरशील."

"पाण्यात?" तू म्हणालास.

मला तेव्हा तुझा रागच आला होता. वीस वर्षं धंदा करतोय मी आणि हा महिनाभराचं शिबिर करून मला शिकवतो! पण मला हेही ठाऊक होतं की हा धंदा तुझ्यामुळं उभा राहिला. दुकान टाकलं तेव्हा दिवसाला एक हेल्मेट जायची मारामार होती. तू पहिलं घेतलंस आणि मग शाळेतल्या प्रत्येक मास्तराच्या मागं लागलास. कोणी बिनहेल्मेटचा आला की पोरांसमोर त्याला गेटवर उभा करायचास. तुझ्या हेडमास्तरांनीसुद्धा तुझ्या भीतीनं घेतलं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात 'थँक्यू' म्हणायची पद्धत नव्हती, तू म्हणाला असतास, "तब्येत बरी आहे ना तुही?"

शेवटी माझ्या पुरवठादाराकडून पाण्यातली हेल्मेटं मागवायचं ठरलं. नऊ. तुझं आणि आठ जणांची. कोणतं घ्यायचं ते तू ठरवलंस, भोकं मोजून, पट्टे बघून. त्यात एक चूक नव्हती. माझ्याकडं फक्त माप घ्यायचं काम होतं.

आणि मे महिन्यात तुम्ही टेंपोतून आलात. नऊ माणसं, नऊ दुपट्टे.

आपल्याकडं त्या उन्हात उघड्या डोक्यानं गाडीवर कोण बसतं? डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळायचा आणि वरून हेल्मेट. मी धंद्यात नवा होतो तेव्हा कंपनीच्या तक्त्याप्रमाणं माप द्यायचो आणि लोक चार दिवसांत परत यायचे, "भाऊ, हे तं घुसूनच नाई राहिलं." तेव्हापासून मी दुपट्ट्यावरूनच टेप फिरवतो. कोणी उघड्या डोक्यानं आलाच तर टेपखाली दोन बोटं घालून माप घेतो. दुपट्ट्याची दोन बोटं. तक्ता काय म्हणतो ते मी बघतच नाही. 'उमेशभाऊकडचं बरोबर बसते,' असं साकोलीपर्यंत लोक म्हणतात, ते ह्या दोन बोटांमुळं.

तर मी नऊ डोक्यांवरून टेप फिरवली. दुपट्ट्यांवरून. पंधरा मिनिटांत काम संपवलं. कवडूभाऊच्या डोक्याला टेप लावताना म्हणालोसुद्धा, "एवढ्या मोठ्या डोक्यात आहे काय?" आणि तो म्हणाला, "मासोळ्या." सगळे हसले. तू तेव्हा दाराशी कोणाशी तरी फोनवर बोलत होतास. तुझं माप मी सगळ्यांत शेवटी घेतलं, तू बोलत असतानाच. तुझ्या डोक्याला टेप गुंडाळली आणि लिहिलं, सत्तावन्न. तक्त्यात ते मोठ्या मापात जात होतं. तू मध्यम होतास.

हेल्मेटं धानाची रोवणी संपताना आली. केशरी रंगाची, लांबून दिसावीत म्हणून. तू तुझं डोक्यावर घालून दुकानात आलास. दुपट्टा नाही, काही नाही. समोर उभा राहिलास, कपाळाशी तळवा लावून ढकललंस, आणि ते सरकन मागं गेलं.

"हे पाह्य. घरी मोजलं मी. पंचावन्न भरलं. ढिलं आहे. नऊच्या नऊ ढिले आहेत."

मिलिंद, तो क्षण मला पुन्हा पाहिजे. बाकी काही नको. तेवढा एक क्षण द्यावा कोणीतरी. मला त्याच वेळी कळलं होतं बे. तुझा तळवा वर गेला आणि कपाळ उघडं पडलं, तेव्हाच कळलं की मी दुपट्टे मोजले, डोकी नाही. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर हा मला म्हणतो, नऊच्या नऊ ढिले.

मी म्हणालो, "दुपट्टा बांध ना बे खाली."

"पाण्यात दुपट्टा?"

"मंग काय झालं?"

"ओला होईन. सरकन."

आणि मग मी ते बोललो. अजून जीभ झडली कशी नाही. मी म्हणालो, "कोष्ट्याच्या पोराले कापड शिकवतं का बे? सुती कापड ओलं झालं का आटते. आणखीन घट्ट बसते."

आमच्या घरात आजोबांपर्यंत माग चालत होता. मी स्वतः एक वीतभरही विणलेलं नाही. लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो, तेवढाच माझा आणि कापडाचा संबंध. पण ते वाक्य मी असं बोललो की जणू पिढ्यान्‌पिढ्या आम्ही नदीत बुडवूनच कापड तपासत होतो. तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर जरा शंका होती, आणि मी वाट बघत होतो की आता हा बादली मागणार. मागायची होतीस ना! बुडवायचा होतास माझा दुपट्टा बादलीत, गुंडाळायचा होतास, ढकलून दाखवायचं होतंस. फेब्रुवारीत तेवढं केलंस, तर तेव्हा काहून नाही केलंस?

तू म्हणालास, "असन. कापडाचं तुले जास्त समजते."

पंचवीस वर्षांत तू माझं म्हणणं पहिल्यांदा मुकाट्यानं ऐकलंस. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोणाचा फायदा झाला, इथपासून पोहे कुठले चांगले, इथपर्यंत तू माझी एक गोष्ट मान्य केली नव्हतीस. आणि ही केलीस. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं! तू गेल्यावर मी त्या दोन गिऱ्हाइकांना म्हणालो, "मास्तर आहे, पन आपलं आयकते." हे मी बोललो, मिलिंद. ते दोघेही हसले.

तू नुसतं ऐकलं नाहीस, आठ जणांना तसंच शिकवलंस. हे मला कधी कळलं सांगू? चार दिवसांपूर्वी, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात. विहाराच्या पटांगणात मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या फोटोला फुलं वाहिली, आणि मग तुझं पथक तुला मानवंदना द्यायला पुढं आलं. आठ जण रांगेत, आठ केशरी हेल्मेटं. प्रत्येकाच्या हेल्मेटखालून दुपट्टा दिसत होता. नीट, सारखा, कानांवरून घेतलेला. तुझीच शिस्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माईकवरून माझं नाव घेतलं, म्हणे उमेशभाऊंनी प्रत्येकाचं माप स्वतः घेतलं होतं. मला उभं राहायला लावलं. मी उभा राहिलो, हात जोडले.

त्यानंतर वहिनी माझ्याजवळ आल्या. पांढरी साडी, डोळे सुकलेले. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हेल्मेटानं चेहरा तरी ओळखू आला. नाई तं पोरीले काय दाखवलं असतं?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक 'हो'. मग चहा घेतला आणि घरी आलो. तीन दिवस दुकान उघडलं, हेल्मेटं विकली, दोन बोटं जागा सोडून विकली. रस्त्यासाठी तीच बरोबर आहेत, तरी प्रत्येक वेळी टेप दोनदा फिरवत होतो. संध्याकाळी तुला फोन लावायला मोबाईल हातात घ्यायचो. तुलाच विचारायचं होतं की हे वहिनीला सांगू का. सांगितलं तर त्या मला कधी दारात उभं करणार नाहीत. तुझ्या पोरीला मी काका राहणार नाही. करडीत मला कोण काय म्हणेल? आणि नाही सांगितलं तर कोणालाच कधी कळणार नाही. नदीनं नेलं, सगळे तसंच म्हणतात. नदी काही उलट बोलत नाही. तीन दिवस मी ह्या सोयीला धरून बसलो होतो, आणि तू माझा मित्र होतास.

आज रविवार. सकाळी नऊला मी तुझ्या घरी पोचलो. वहिनी पडवीत तुझी शाळेची पुस्तकं वेगळी करत होत्या. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. टेप, दुपट्टा, पंचावन्न, सत्तावन्न, आणि कापड आटतं ते. सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

हातातलं पुस्तक वहिनींनी खाली ठेवलं नाही.

"म्हणजे त्यायले माहीत होतं ढिलं आहे म्हणून?"

"हो."

"तरी तुमी म्हटलं म्हणून घातलं?"

"हो."

"मी दोन वर्षं म्हणत होती, नका जाऊ म्हणून. माहं एक दिवस नाई आयकलं." त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुमचं एका बोलण्यात आयकलं."

मला वाटलं, आता 'निघा' म्हणतील. त्या म्हणाल्या, "कवडूभाऊले सांगितलं? बाकीच्यायले?"

"नाई अजून. आधी तुमाले—"

"आज इतवार आहे भाऊजी!" त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "ते सगळे घाटावर गेले सकाळीच. काल वरच्या धरणातून पाणी सोडलं. मंग माह्यापाशी काय बसून राहिले तुमी? जा ना!"

मिलिंद, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस मी माझ्या गुन्ह्याचाच विचार करत होतो. वहिनी काय म्हणतील, गाव काय म्हणेल, मी मी मी. आठ ढिली हेल्मेटं आणि आठ दुपट्टे आज पुन्हा पाण्यात उतरणार आहेत, हे तुझ्या बायकोला एका मिनिटात सुचलं. तुझ्या बायकोला! जिचं कपाळ तू असं उघडं करून गेलास, तिला.

मी गाडी काढली नाही, पळालो. पन्नाशी जवळ आलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस, शेतांमधल्या बांधीच्या धुऱ्यावरून पळत सुटलो. धानाच्या पात्यांनी पाय कापले गेले. धुऱ्यावर एका जागी घसरून चिखलात गुडघ्यावर पडलो, उठलो. घाटाच्या उतारावरून दिसलं, पाणी चांगलंच चढलं होतं, आणि वरच्या दगडांशी तसाच पांढरा फेस होता. तुझा लाल डोंगा पाण्याला लागला होता. त्यात कवडूभाऊ बसला होता, तुझ्या जागेवर, डोक्यावर केशरी हेल्मेट, खाली दुपट्टा. दोघं जण त्याला ढकलत होते.

मला हाक मारता येईना, दम नव्हता. पाण्यात शिरलो, कमरेइतक्या. तुला माहीत आहे मला पोहता येत नाही. कयाकची कड एका हातानं धरली आणि कवडूभाऊच्या कपाळावर तळवा ठेवून ढकललं, जसं तू ढकललं होतंस. हेल्मेट, दुपट्टा, सगळं मागं गेलं. खाली त्याचं उघडं कपाळ, सुरकुतलेलं, कोरडं.

"काय झालं भाऊ? काहून असे करून राहिले?"

बाकीचे सातही जण पाण्यात माझ्याभोवती जमले होते. मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी वर बघितलं.

"काढा ते! सगळे काढा! मी चुकलो. मास्तर बरोबर होता, मी चुकलो."

मिलिंद, पंचवीस वर्षांत हे वाक्य तू माझ्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतंस. आज आठ जणांनी ऐकलं. त्यांच्यात तू नव्हतास बे.